साथीची पेटी



व्याख्यानमालेत संगीतावर बोलावयाचे ठरले म्हणजे वक्त्याने एखाद्या थोर गवयाचे चरित्र सांगावे अशी आपली अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. परंतु आज मी गवयाविषयी बोलणार नाही. गवयाच्या डाव्या हाताला थोडासा तिरका बसलेला, त्याच्या तोंडाकडे कान लावून असलेला जो माणूस असतो, त्याच्याविषयी मला बोलावयाचे आहे. हा पेटीवाला मैफलीच्या जागी सर्वांच्या आधी येतो, तंबोरे लागेपर्यंत स्वर धरून बसतो, तीन तास वाजवितो. आणि दुसऱ्या दिवशी गावात गाण्याची चर्चा सुरू झाली म्हणजे तीत त्याचे नाव निघत नाही. तबलजीचे निदान हात तरी लोकांना आठवतात. पेटी मात्र वाजली होती एवढेच आठवते.

हा विषय हिंगोलीत काढण्यास कारण आहे. आपल्या जिल्ह्यातील नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते. औंढ्याला नागनाथाचे देऊळ आहे. ह्या मुलखात भजनी मंडळ नाही असे गाव शोधून काढावे लागेल, आणि जेथे भजन तेथे पेटी ही असायचीच. बुवांनी एकाएकी चाल वर उचलली तर पेटीवरचा पोरगा क्षणभर चाचपडतो आणि मग बरोबर त्यांना जाऊन मिळतो. त्याला हे कोणी शिकविले, असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. ‘बसता बसता आले,’ एवढेच उत्तर मिळते.

तेव्हा प्रश्न असा की, साथ ही बसता बसता येणारी सवय आहे, की ती एक स्वतंत्र विद्या आहे? माझे म्हणणे असे आहे की ती स्वतंत्र विद्या आहे. ती कष्टाने मिळवावी लागते, ती शिकविता येते, आणि शिकविली नाही तर ती नाहीशीही होऊ शकते. एवढी एकच गोष्ट मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

साथ म्हणजे काय?

गायक जे गातो तेच पेटीवर वाजविणे म्हणजे साथ, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. ख्याल गाताना गायक पुढे काय करणार हे त्याचे त्यालाही पुष्कळदा ठाऊक नसते. मग पेटीवाल्याला ते आधी कसे कळावे? तो गायकाबरोबर वाजवू लागला तर चुकणार, आणि पुष्कळ मागे राहिला तर नको तेथे प्रतिध्वनी उठणार. म्हणून चांगला साथीदार गायकाच्या अगदी किंचित मागून चालतो. अंधारात वाट दाखविणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून मागचा माणूस चालतो, तसे हे चालणे असते.

गायक श्वास घेण्यासाठी थांबला की त्या पोकळीत त्याचा शेवटचा स्वर जिवंत ठेवावयाचा. तो पाण्याचा घोट घेण्यास थांबला तर चार-सहा स्वरांचा एखादा लहानसा तुकडा वाजवून, ज्या जागी त्याने गाणे सोडले होते त्याच जागी ते परत त्याच्या हाती द्यावयाचे. येथे कित्येक हुशार वादक घसरतात. मिळालेल्या त्या अर्ध्या मिनिटात ते आपले सर्व वैभव दाखवितात, श्रोते टाळ्या वाजवितात, आणि गायकाने मोठ्या कष्टाने उभी केलेली रागाची मूर्ती तेवढ्यात विसकटून जाते. पुढची दहा मिनिटे बिचाऱ्या गायकाला ती पुन्हा बसवावी लागते.

तान आली म्हणजे आणखी निराळा प्रकार. गळ्यातून वेगाने निघालेली तान स्वर-स्वर करून पेटीवर उतरविणे काहींना साधते. पण साधते म्हणून ते करावेच असे नाही. जाणता साथीदार तानेचा सांगाडा तेवढा वाजवितो आणि समेवर मात्र गायकाबरोबर न चुकता येऊन बसतो. तबल्याच्या एकलवादनात तर त्याचे काम याहून कठोर असते. सोळा मात्रांचा एकच लेहरा त्याने तासभर न कंटाळता, लय तसूभरही न हलविता वाजवीत राहावयाचा; कारण तबलजीचे सगळे हिशेब त्या एका ओळीवर उभे असतात. लेहरा डळमळला तर कितीही मोठ्या तबलजीचा हिशेब श्रोत्यांना उलगडणार नाही.

ह्या सगळ्यात बोटांचे काम कमी आणि कानांचे अधिक, हे आपल्या ध्यानात आले असेलच.

परदेशचा एक दाखला

हा मानापमानाचा प्रश्न आपल्याकडेच उत्पन्न झाला असे नाही. युरोपात गायकाच्या साथीला पियानो असतो. तेथील साथीदाराचे काम एका दृष्टीने सोपे असते, कारण त्याने काय वाजवावयाचे ते रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेले असते. दुसऱ्या दृष्टीने ते अवघड असते, कारण लिहिलेले ते पुष्कळदा गाण्याच्या निम्म्या वजनाचे असते. शूबर्टने १८१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, गटेच्या एका कवितेला चाल लावली. रात्रीच्या वेळी आजारी मुलाला पोटाशी धरून घोडा पिटाळणाऱ्या बापाचे ते गाणे आहे. त्यात घोड्याच्या टापा गायकाने गावयाच्या नाहीत. त्या पियानोवाल्याने उजव्या हाताने अखंड वाजवावयाच्या आहेत. टापा ढिल्या पडल्या तर गाण्यातले भयच निघून जाते.

अशी साथ हेच ज्याने आपले जीवितकार्य मानले, असा एक इंग्रज वादक होऊन गेला. त्याचे नाव जेराल्ड मूर. १८९९ साली जन्मलेला आणि १९८७ साली वारलेला हा मनुष्य शालियापिनसारख्या गायकांच्या आणि कासाल्ससारख्या वादकांच्या साथीला बसला. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत लंडनच्या नॅशनल गॅलरीत दुपारच्या मैफली होत असत. तेथे त्याने साथ ह्या विषयावर व्याख्याने दिली, आणि १९४३ साली ह्याच विषयावर पुस्तक लिहिले. साथीदार असण्याची मला लाज वाटत नाही, असे त्या पुस्तकाचे नावच सांगते. १९६२ साली त्याने आठवणी लिहिल्या, तेव्हा त्यांना नाव दिले ते एका प्रश्नाचे: माझा आवाज फार मोठा तर होत नाही ना? साथीदाराच्या मनात आयुष्यभर जो प्रश्न असतो, तोच त्याने मुखपृष्ठावर छापला.

१९६७ सालच्या फेब्रुवारीत लंडनमध्ये त्याच्या निरोपाची मैफल झाली. त्या काळचे तीन अग्रगण्य गायक त्याच्यासाठी गावयास आले होते. सगळे गाऊन झाल्यावर मूर एकटाच पियानोपाशी बसला आणि संगीताचे आभार मानणारे शूबर्टचे एक लहानसे गीत त्याने गायकाशिवाय, नुसते पियानोवर वाजविले. जन्मभर दुसऱ्याच्या शब्दांमागे उभा राहिलेला माणूस शेवटची दोन-तीन मिनिटे एकटा बोलला, आणि तेही आभाराचेच बोलला.

त्यानंतरच्या काळात अमेरिकेतील संगीत-विद्यालयांनी ह्या शिक्षणाला स्वतंत्र विभाग दिले. ‘साथीदार’ ह्या अर्थाचा जुना शब्द मागे पडून ‘सहयोगी पियानोवादक’ असा नवा शब्द तेथे रूढ झाला. शब्द बदलल्याने वृत्ती बदलते असे नाही. परंतु साथ हा शिकण्याचा विषय आहे एवढे त्यामुळे मान्य झाले. आपल्याकडे अजून ते पुरतेपणी मान्य व्हावयाचे आहे.

पेटीचे गुण आणि दोष

आता आपल्या वाद्याकडे वळू. हार्मोनियम हे मूळचे फ्रेंच वाद्य. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ ह्या कारागिराने १८४२ साली त्या नावाचे हक्क घेतले. ते पायाने भाता हलवून, खुर्चीवर बसून वाजवावयाचे वाद्य होते. आपण जमिनीवर बसणारे लोक. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता हलवावयाची सुटसुटीत पेटी प्रचारात आणली, आणि पाहता पाहता ती देशभर पसरली.

महाराष्ट्रात तिला मोठा आधार मिळाला तो नाटकमंडळ्यांचा. प्रारंभीच्या संगीत नाटकांना सारंगीची साथ असे. सारंगी गळ्याला फार जवळची, पण तिच्या तारा हवेबरोबर उतरतात आणि त्या लावण्यात वेळ जातो. पेटी मात्र बैलगाडीतून आली काय आणि आगगाडीतून आली काय, उघडली की वाजू लागते. पुढे नाटकगृहांतून पायपेटी, म्हणजे ऑर्गनही, आला. गोविंदराव टेंबे यांनी ह्या वाद्याला जी प्रतिष्ठा दिली ती सर्वश्रुत आहे. १८८१ साली जन्मलेले टेंबे भास्करबुवा बखल्यांची साथ करीत. आणि १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकाच्या चाली त्यांच्याच. साथीदाराचा कान तयार झाला म्हणजे त्यातून रचनाकार कसा निघतो, याचे ते ठळक उदाहरण आहे.

परंतु पेटीत दोन दोष आहेत, आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पेटीच्या पोटात पितळेच्या बारीक जिभा असतात. कारागीर त्यांना ‘सूर’ म्हणतात. पट्टी दाबली की भात्यातील हवा त्या जिभेवरून जाते आणि ती कापू लागते. जीभ एकच, म्हणून तिचा स्वरही एकच. दोन स्वरांच्या मधली वाट तिला नाही. गळा पंचमावरून गांधारावर मींडेने घसरत येतो; पेटीला मात्र त्याच जागी पायऱ्या उतराव्या लागतात. हा पहिला दोष.

दुसरा दोष स्वरांच्या मापाचा. षड्जापासून वरच्या षड्जापर्यंतचे अंतर १२०० भागांचे मानले, तर पेटीवर प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीपासून बरोबर १०० भागांवर असते. निसर्गाची मापे अशी सरसकट नाहीत. तंबोऱ्याची खर्जाची तार नीट लागली असता तीतून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, तो सुमारे ३८६व्या भागावर असतो. पेटीचा गांधार ४००व्या भागावर, म्हणजे १४ भाग चढा. पंचमाचा फरक मात्र अवघा दोन भागांचा, म्हणून तो सहसा खटकत नाही. पेटी ‘बेसूर’ आहे असे जाणते लोक म्हणत, त्याचे मर्म प्रामुख्याने ह्या गांधारासारख्या स्वरांत आहे.

हा दोष घालविण्याचे प्रयत्नही आपल्या महाराष्ट्रातच झाले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे एक इंग्रज न्यायाधीश यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास बावीस श्रुतींची हार्मोनियम करवून घेतली. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओक यांनी त्याच दिशेने काम केले आहे. पण मैफलीत जुनीच पेटी टिकून राहिली, आणि त्याला कारण आहे. ज्या सरसकट मापामुळे तिचा गांधार चढतो, त्याच मापामुळे तिच्यावर कोणत्याही पट्टीला षड्ज मानून तोच राग वाजविता येतो. आज गायकाचा स्वर काळी एक, उद्या गायिकेचा काळी चार, परवा कोणाचा घसा बसला म्हणून पांढरी एक: एकच पेटी सर्वांच्या उपयोगी पडते.

राहिलेले दोष वाद्य दुरुस्त करू शकत नाही. ते वाजविणाऱ्याने दुरुस्त करावयाचे असतात. कसे? मुख्यतः न वाजवून. दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गांधार पेटीवर निघत नाही. अडाणी वादक दोन पट्ट्यांवर बोट नाचवून त्याची नक्कल करू पाहतो. जाणता वादक त्या क्षणी बोट अलगद उचलतो, खालचा षड्ज नाहीतर पंचम मंदपणे धरून ठेवतो, आणि गायकाच्या गांधाराला मोकळी जागा करून देतो. मींडेच्या वेळी तो मधल्या पायऱ्या गाळतो आणि दोन्ही टोके तेवढी हलकेच दाखवितो. डाव्या हातातील भाता हे पेटीचे फुप्फुस आहे. ज्याला तो श्वासासारखा हलविता येतो, त्याच्या पेटीतून सूर फुंकरीसारखाही निघतो आणि हाकेसारखाही. वाद्याचा उणेपणा ओळखून तो झाकणे, ही साथीच्या कलेची अर्धी बाजू होय.

बंदीची एकतीस वर्षे

ज्यांना हा दुसरा भाग दिसला नाही, त्यांनी पेटीवर बंदी घातली. १९४० सालच्या मार्च महिन्यापासून आकाशवाणीने हार्मोनियम वर्ज्य केली. लायनेल फील्डन हे इंग्रज अधिकारी त्या वेळी नभोवाणीचे प्रमुख होते. दिल्ली केंद्रावर पाश्चात्य संगीताचा विभाग सांभाळणारे जॉन फोल्ड्स यांनी त्याआधी ह्या वाद्यावर कडक टीका केली होती. पण हे काही नुसत्या परक्यांचे मत नव्हते. खुद्द रवींद्रनाथ ठाकूरांचाही पेटीला विरोध होता. स्वातंत्र्य आल्यावरही बंदी उठली नाही. १९५२ ते १९६२ ह्या काळात डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीताचा त्यांनी आकाशवाणीवरून हिरिरीने पुरस्कार केला. पण पेटी बाहेरच राहिली.

बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. गळ्यातील सूक्ष्म स्वर टिकावेत, ही त्यांची तळमळ खरीच होती. पण तिचा परिणाम काय झाला तो पाहा. ज्या तीस वर्षांत रेडिओ हा गायक-वादकांचा मोठा पोशिंदा होता, त्याच तीस वर्षांत पेटीवाल्याला त्याचे दार बंद राहिले. मैफलीत ज्याच्यावाचून गायकाचे अडे, त्याला केंद्रावर प्रवेश नसे. अखेर १९७० साली ह्या प्रश्नावर विद्वानांची चर्चा घडवून आणण्यात आली, आणि १९७१ साली बंदी सैल होऊन साथीपुरती पेटी आकाशवाणीवर परत आली.

एकतीस वर्षे पेटी टिकली, ती सरकारी आश्रयावर नव्हे. गायकांना ती हवी होती, आणि तिला हवीहवीशी करणारे वादक होते. त्यांतील एक आपल्या मराठवाड्याचा आहे.

जालन्याचे अप्पा

येथून पूर्णा-परभणीवरून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर जालना लागते. अप्पा जळगावकर १९२२ साली त्या गावी जन्मले. त्या काळी जालना काय आणि हिंगोली काय, दोन्ही गावे हैदराबाद संस्थानात होती. पुण्या-मुंबईची नाट्यगृहे आणि संगीतविद्यालये हाताशी नसलेल्या ह्या प्रदेशात मुलाने पेटीवादक व्हावयाचे ठरविले तर त्याला शिकवावे कोणी? अप्पांनी आरंभी तालीम घेतली ती गाण्याची. पेटी त्यांनी बहुतांशी आपल्या कानाने आणि मेहनतीने मिळविली.

ही उणीव वाटेल. पण विचार केला तर तेच त्यांचे बळ ठरले. ज्याने बोटांआधी गळा तयार केला, त्याला गायक कोठे श्वास घेणार, कोणता स्वर लांबविणार, कोठून उठून समेवर येणार, हे आतून कळते. तो गायकाच्या पाठीमागून धावत नाही. गायकाबरोबर मनात गात असतो. पुढे पुण्यास स्थायिक होऊन अप्पांनी भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर, पंडित जसराज अशा मोठमोठ्या कलावंतांना साथ केली. ह्या गायकांच्या प्रकृती एकमेकांपासून किती भिन्न! भीमसेनांचा जोरकस, झेप घेणारा स्वर. किशोरीताईंचे एकेका स्वराभोवती रेंगाळत त्याचा अंतरंगापर्यंत शोध घेणे. जसराजांचे भक्तिरसात भिजलेले गाणे. एकाला जी साथ शोभेल ती दुसऱ्याला अडचण होईल. सर्वांना तोच माणूस हवासा वाटावा, याचा अर्थ असा की, त्याने आपली स्वतःची प्रकृती बाजूला ठेवण्याची विद्या हस्तगत केली होती. तबल्याला त्यांनी धरलेल्या लेहऱ्याचीही जाणकारांत तशीच ख्याती होती.

२००० सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला, तेव्हा त्यांनी पंचाहत्तरी ओलांडली होती. २००९ साली पुण्यात ते निवर्तले. त्यांच्या तारुण्याची आणि उमेदीची बहुतेक वर्षे आकाशवाणीवरील बंदीच्या काळात गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे हा पुरस्कार किती उशिरा आला ते कळते.

बोरीचे बोरकर आणि शिकविण्याची विद्या

अप्पांचे उदाहरण साथ मिळविण्याचे. साथ शिकविण्याचे उदाहरण पाहावयाचे तर गोव्याकडे वळावे लागेल. तुळशीदास बोरकर हे १९३४ साली गोव्यातील बोरी गावी जन्मले. पहिले स्वर त्यांना आईकडून मिळाले. नंतर त्यांना गुरू लाभले ते मधुकर पेडणेकर, म्हणजे ज्यांच्या पेटीवरील नाट्यपदांच्या ध्वनिमुद्रिका एके काळी घरोघर वाजत ते पी. मधुकर. एकट्या पेटीतून संपूर्ण गाणे उभे करणारा हा वादक होता. बोरकरांनी ती गायकी हातात घेतली, छोटा गंधर्वांसारख्या गायकाचा सहवास मिळविला, आणि आयुष्यभर मोठमोठ्या गायकांना साथ करीत असतानाच पुढची पिढीही तयार केली. सुधीर नायक यांच्यासारखे आजचे नामवंत साथीदार त्यांच्या तालमीत तयार झाले आहेत. २०१६ साली त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली, तेव्हा ते एक्याऐंशी वर्षांचे होते. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

म्हणजे साथ शिकविता येते, हे सिद्ध झाले. आता ती कशी शिकवावी? दोघांच्या चरित्रांवरून आणि ह्या कामाच्या स्वरूपावरून चार गोष्टी निघतात.

पहिली गोष्ट अशी की, पेटीच्या विद्यार्थ्याने आधी गाणे शिकावे. आवाज गोड असण्याची जरूर नाही; बंदिश, राग आणि श्वास यांची ओळख गळ्यातून झाली पाहिजे.

दुसरी गोष्ट, प्रत्येक राग निदान पाच-सहा पट्ट्यांतून वाजवावा. काळी एकच्या षड्जाने भूप वाजविणारा हात पांढरी चारवर गेला की बोटांची सगळी वाट बदलते. गायकाला मुलाखतीत नव्हे, तर मैफलीत बसताना सांगावयाचे असते, की आज अर्धा स्वर खाली गाईन. त्या वेळी शोधाशोध चालत नाही.

तिसरी, ठेका कानात पक्का असावा. विलंबित एकतालात सम एकेका मिनिटाने येते. तोवर ज्याला आपण कोठे आहोत हे कळत नाही, तो साथ करू शकत नाही.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड. विद्यार्थ्याला गप्प राहावयास शिकवावे. आमच्या मुलांची सारी तयारी परीक्षेची. परीक्षेत मूल एकटे बसते, ठरलेला राग ठरलेल्या वेळात वाजविते, आणि जितके अधिक वाजवील तितके अधिक गुण मिळविते. ह्या परीक्षांनी गावोगाव पेटी पोचविली, हे त्यांचे उपकार आहेतच. परंतु दुसऱ्याचे ऐकून आपले हात आवरण्याची परीक्षा एकट्याने देता येत नाही. तिला समोर गाणारा माणूस लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस गाण्याचा वर्ग आणि पेटीचा वर्ग एका खोलीत बसावा, एवढी साधी सूचना मी शिक्षकांना करीन. तिला पैसा लागत नाही.

आपल्या गावाचे काय?

येथे मला माझ्या हातून घडलेली एक चूक कबूल करावयाची आहे. मी तरुण असताना गावात एका गायकाचा कार्यक्रम ठरला, आणि हस्तपत्रक छापण्याचे काम माझ्याकडे आले. गायकाचे नाव मी मोठ्या अक्षरांत घातले, अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि देणगीदारांचेही घातले. आणि खाली ‘तबला-पेटीच्या साथीसह’ एवढे छापून मोकळा झालो. पेटीवर बसावयाचे होते ते गावातलेच एक वृद्ध गृहस्थ. त्यांनी पत्रक वाचले, चार घड्या घालून खिशात ठेवले, आणि वेळेवर येऊन उत्तम साथ केली. मला ते एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे त्यांच्या घरी गेलो असता त्यांचा नातू पेटी शिकतो का, असे मी सहज विचारले. ते म्हणाले, ‘नाही. त्याला म्हटले, दुसरे काही कर.’

त्या उत्तराचा मी पुष्कळ विचार केला आहे. विद्या बंदीने मरत नाही. १९४० ते १९७१ ह्या वर्षांनी ते दाखवून दिले. पण जाणता माणूस आपल्याच नातवाला ‘दुसरे काही कर’ म्हणू लागला, म्हणजे मात्र ती मरावयास लागते. आणि आज तर यंत्राचा तंबोरा आहे, यंत्राचा लेहराही आहे. बटण दाबले की तो न थकता, न चुकता वाजतो. घरी रियाज करावयास तो उपयोगी आहे. मी त्याची निंदा करीत नाही. परंतु गायकाचा श्वास थोडा आखूड झाला हे त्याला कळत नाही, आणि म्हणून तो गायकासाठी थांबत नाही. थांबणे हे माणसाचेच काम आहे.

आपल्या गावी पेट्या पुष्कळ आहेत. देवळात आहेत, शाळांत आहेत, कित्येक घरांच्या माळ्यांवर आहेत. भजनी मंडळांत ऐकून वाजविणारी मुलेही आहेत. ज्यांना बुवांची चाल धरता येते, त्यांच्यात साथीचे बीज आहेच. तालीम तेवढी नाही. बाहेरून गायक येईल तेव्हा ह्या मुलांपैकी दोघांना त्याच्या पेटीवाल्यामागे बसू द्यावे. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पेटीवाल्यालाच तासभर थांबवून घ्यावे आणि त्याला विचारावे, अमुक ठिकाणी तुम्ही हात का उचललात? त्या एका तासाचे मानधन त्याला वेगळे द्यावे. आणि हस्तपत्रकावर त्याचे नाव घालावे. हे काम फार मोठे नाही. मी ते केले नाही म्हणून सांगतो.

यापुढे आपण गाणे ऐकावयास बसाल तेव्हा मधूनमधून गायकाच्या डाव्या बाजूला लक्ष द्या. पेटी केव्हा वाजते ते तर ऐकाच. पण केव्हा थांबते तेही ऐका. माणूस जाणता असेल तर तो जेथे थांबला असेल, तेथे गायकाचा स्वर आपल्याला अधिक स्वच्छ ऐकू येईल.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत, म्हणजे एका अर्थी आपणही मला साथच केलीत.